समोरच्या घराचं माप

"अगं ग्युरीच्या आई, जरा येतेस का? माझा हात वर पुरत नाही बाई!"

समोरच्या दारातून बेकबाईने हाक मारली आणि छेसुनने हातातला मुळा पाटावर असा आपटला की त्याचे दोन तुकडे झाले. काय गोड आवाज मेलीचा! याच आवाजाने आठ वर्षांपूर्वी छेसुनच्या पोरीचं, ग्युरीचं, ठरलेलं लग्न मोडलं होतं.

ठरलंही होतं कसं! मासानमधलं नावाजलेलं घर, मुलाच्या बापाचं बाजारात औषधांचं दुकान, मुलगा शांत, निर्व्यसनी. त्या लोकांना छेसुनने सांगितलं होतं की ग्युरीचा बाप कधीच वारला. खरं म्हणजे तो वारला वगैरे काही नव्हता, पोहांगला दुसऱ्या बाईबरोबर खुशाल नांदत होता. पण छेसुनच्या लेखी तो मेल्यात जमा, मग त्यात खोटं ते काय? ही गोष्ट अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकट्या बेकबाईला ठाऊक होती, कारण नवरा घर सोडून गेला त्या दिवशी छेसुन तिच्याच गळ्यात पडून रडली होती. आणि लग्न तोंडावर आलेलं असताना त्याच बेकबाईने बायकांच्या सार्वजनिक हमामात मुलाच्या आईची पाठ घासून देता देता सांगून टाकलं, "अहो, बाप जिवंत आहे मुलीचा." झालं! दोन दिवसांत नकार आला, आणि कोण बोललं तेही विहिणीने नाव घेऊन कळवलं.

ग्युरी तेव्हा जेजू बेटावर एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरीला गेली, ती तिकडचीच झाली. सणाला तेवढी यायची, आईला काम करू द्यायची नाही, आणि लग्नाचा विषय निघाला की अंगावर कोट चढवून खाली फिरायला जायची. पोरीचं मन जळून गेलं, असं छेसुन समजून होती. त्या दिवसापासून बेकबाईशी तिचं अगं-तुगं संपलं. अहो-जाहो सुरू झालं, आणि बेकबाईला तिने पुन्हा घराचा उंबरा ओलांडू दिला नाही. बेकबाई मात्र निर्लज्ज. कधी किमचीचा डबा आणून दाराशी ठेवायची, कधी बटाटे. छेसुन ते सगळं वॉचमनला देऊन टाकायची.

आज ती गेली, कारण काम साऱ्या बिल्डिंगचं होतं. घरं जुनी झाली होती, सिंकवरच्या कपाटांच्या दारांचा सनमायका पापुद्रे सुटावेत तसा सुटत होता. सांगाडे ठणठणीत होते, नुसती दारं बदलली की काम भागणार होतं. महिला मंडळाची अध्यक्षीण बेकबाई. सगळ्या घरांची दारं एकदम मागवायची, हे तिचंच डोकं. मंडळ म्हणजे तिचा जीव. नवरा गेला, मुलगा इंचॉनला जाऊन राहिला, आता मंडळ काढून घेतलं तर बाईपाशी उरतं काय? हे छेसुनला चांगलं माहीत होतं.

"ये, ये. चढ त्या स्टुलावर," बेकबाई म्हणाली. फोनवर शिम मिस्त्री होता, त्याचा आवाज ओट्यावरून घरभर घुमत होता. त्याने आधीच सांगितलं होतं, की घरोघर येऊन मापं घेणं आपल्याला जमणार नाही, एका घराची नीट द्या, बाकी घरं त्याबरहुकूम करतो.

"दाराचं माप घ्या बरं का, पोकळीचं नको," फोन म्हणाला. "लोक पोकळी मोजतात आणि मग दार आत पडलं म्हणून माझ्या नावाने शंख करतात."

"कळलं रे बाबा! लहान आहोत का आम्ही?" बेकबाई म्हणाली.

छेसुनने टेप वर धरला, बेकबाईने खाली ओढला, आणि एकेका दाराची उंची, रुंदी ओरडून फोनला सांगितली. पूर्वीचे दिवस असते तर दोघी हसल्या असत्या, इतकी बेकबाई ओरडत होती. छेसुन दात आवळून उभी होती.

"आता बिजागरीचं सांगा," मिस्त्री म्हणाला.

"डावीकडे. सगळ्यांची डावीकडेच. दारं खिडकीकडे उघडतात आमची."

छेसुनचा हात वरच्या वर थबकला.

तिच्या स्वयंपाकघरात खिडकी उजवीकडे होती. बिजागऱ्या उजवीकडे होत्या. जिन्याच्या दोन बाजूंना दोन घरं, एक दुसऱ्याच्या नेमकं उलटं, आरशात बघितल्यासारखं. तळापासून वरच्या मजल्यापर्यंत जिन्याच्या डावीकडची सगळी घरं छेसुनच्या घरासारखी. रोज जाता-येता दिसणारी गोष्ट, म्हणून तर कुणाच्या ध्यानात येत नव्हती.

"समोरच्या घरांचंही तसंच ना बाई?" मिस्त्रीने विचारलं. "नाही म्हणजे, नीट बघून सांगा. या दारांना मूठ नाही, बोटं घालायची खाच असते खालच्या एका कोपऱ्यात. एकदा कापली की दार उलटंसुलटं करून भागत नाही. आणि मापाने कापलेला माल मी परत घेत नाही."

"समोरची बाई इथेच आहे की!" बेकबाईने मान वर केली. "काय गं ग्युरीच्या आई, तुझ्याकडेही असंच ना?"

छेसुनने खाली बघितलं. पिकलेले केस, घामेजलेलं कपाळ, विश्वासाने वर केलेलं तोंड. असंच तोंड करून ही त्या हमामात बसली असेल! स्वतःच्या घराची दारं उलटी येणार, हेही त्या क्षणी तिला दिसलं. येऊ देत! आयुष्यभर उलट्या दारांच्या घरात राहीन, पण या बाईला चारचौघांत खाली मान घालायला लावीन.

"अगदी असंच," ती म्हणाली. "तंतोतंत."

"झालं तर मग! टाक रे ऑर्डर."

दारं येईपर्यंत छेसुन हवेत चालत होती. मासळीबाजारात ती गाडा लावायची, तिथली गिऱ्हाइकं विचारायची, काय बाई, लॉटरी लागली का? एकदाच तिला टोचलं. खालच्या मजल्यावरच्या ओकआजी जिन्यात भेटल्या. आजींचं घरही डावीकडचं, आणि त्यांचा खांदा आखडलेला. "नवी दारं हलकी असतात म्हणे," आजी म्हणाल्या, "बरं होईल गं, आता मला कपाट उघडायला शेजारणीला बोलवायला नको." छेसुन घाईने वर गेली. युद्ध म्हटलं की दोन निरपराध माणसं भरडतातच, असं तिने मनाला बजावलं, आणि भात लावला.

दारं आली. शिम मिस्त्रीची माणसं उजव्या बाजूने सुरू झाली. वरपासून खालपर्यंत कशी झकास बसली! बाया एकमेकींच्या घरी जाऊन बघून येत होत्या, बेकबाई मिरवत होती. मग मिस्त्री डावीकडे वळला, आणि पहिल्याच घरात त्याने कपाळाला हात लावला.

खाच भलत्या कोपऱ्यात. खाच वापरायची तर बिजागरी डाव्या अंगाला घ्यावी लागे, मग दार शेगडीवरच्या धुराड्याच्या पत्र्याला थडकून अर्धंच उघडायचं आणि बाईच्या नाकासमोर आडवं उभं राहायचं. दार फिरवून लावलं तर खाच छताकडे जायची. मिस्त्रीने खटपट करून कशीबशी लावून दिली आणि हात झटकले. "मी विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं."

संध्याकाळी खाली अंगणात सगळे जमले. डाव्या बाजूचे लोक चवताळलेले होते.

"अध्यक्षबाई, तुमच्या घरात बसली ना छान? आमच्या घरात आम्ही काय भिंतीतून हात घालून ताटल्या काढायच्या?"

"स्वतःच्या घरचं माप म्हणजे सगळ्या जगाचं माप! पहिल्यापासून हीच खोड आहे हिची."

"ओकआजींचं बघा जरा! पाठमोऱ्या उभ्या राहून कपाट उघडतायत बिचाऱ्या!"

बेकबाई मधोमध उभी होती. पदाची ऐट गळून गेली होती, हात पोटाशी घट्ट धरले होते. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "माप माझ्या घरचं घेतलं. समोर जाऊन बघायला हवं होतं, मी गेले नाही. अध्यक्षपद सोडते मी. दारांचंही बघते काय करता येतं ते."

छेसुन कोपऱ्यात उभी राहून वाट बघत होती. आता ही माझं नाव घेईल. आता म्हणेल, ग्युरीच्या आईने सांगितलं होतं म्हणून. मग बघते हिच्याकडे! उत्तर तिने घोकून ठेवलं होतं. पण बेकबाई नाव घेईना. लोक बोलत राहिले आणि ती ऐकत राहिली. एकदा तिची नजर छेसुनवरून गेली, थांबली नाही. छेसुनच्या अंगाची लाहीलाही झाली. इतकं सगळं करून ही बाई साळसूद बनतेय? हिला कळायलाच नको का, वार कुणी केला ते?

"विचारलं होतंस तू!" छेसुन गर्दीत घुसून ओरडली. अहो-जाहो कुठच्या कुठे गेलं. "मला विचारलं होतंस! आणि मी सांगितलं, तंतोतंत. जाणूनबुजून सांगितलं. ऐकलं का सगळ्यांनी? मी सांगितलं!"

तिने बेकबाईकडे बोट रोखलं.

"माझ्या पोरीच्या बापाचं हिने हमामात जाऊन सांगितलं होतं. माझ्या गळ्यात गळा घालून ऐकलेलं, तिकडे पाठ घासता घासता ओकली! माझी पोर देशोधडीला लागली. आता तू रड! तुझं मंडळ गेलं, तुझं नाव गेलं, आता कळेल तुला, घरात एकटं बसून भिंतीकडे बघणं काय असतं ते! बोल ना, बोलली होतीस की नाही?"

"बोलले होते," बेकबाई म्हणाली.

वळली आणि जिना चढून गेली. एका हाताने कठडा धरून, सावकाश.

ओकआजी छेसुनकडे बघत होत्या. "आणि माझा खांदा गं?" त्या म्हणाल्या. "मी काय केलं होतं तुझं?" लोक तिला वाट देऊन बाजूला सरले, मायेने नव्हे.

पण घरात येताच तिने दोन्ही हात वर करून मोठ्ठा श्वास सोडला. जीव कसा गार झाला! आठ वर्षांनी! तिने लगेच जेजूला फोन लावला. ही बातमी पोरीला द्यायची नाही तर कुणाला द्यायची?

"ग्युरी, जेवलीस का गं? ऐक, तुझा सूड उगवला मी. त्या बेकबाईचं अध्यक्षपद गेलं!"

"काय? बेकमावशींचं? का?"

"मावशी कसली! जिने तुझं लग्न मोडलं तिला मावशी म्हणतेस?"

पलीकडे भांड्यांचे आवाज येत होते, ते दूर गेले. ग्युरी कुठेतरी बाहेर जाऊन उभी राहिली असावी.

"आई, मला ते लग्न करायचंच नव्हतं. तुला सांगितलं होतं मी. रडून सांगितलं होतं. तू म्हणालीस, नंतर आवडायला लागतं, आणि लग्नाचा पोशाख, हानबोक, शिवायला टाकून आलीस."

"ते सगळ्याच मुली म्हणतात..."

"मग मी मावशींकडे गेले. त्यांच्यापुढे गुडघे टेकले. म्हटलं, बाबा जिवंत आहेत हे त्या लोकांना कळलं की ते आपणहून नको म्हणतील. मावशी तयार नव्हत्या. म्हणाल्या, तुझी आई मला जन्मभर क्षमा करणार नाही. मीच त्यांना शपथ घातली, की माझं नाव सांगायचं नाही. दर सणाला मला जिन्यात गाठून विचारतात, आता सांगू का गं तुझ्या आईला? मीच भिते. मीच नको म्हणते."

छेसुन ओट्याला टेकून उभी होती.

"मी सुखात आहे इथे आई. कधीपासून सुखात आहे. तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत होत नव्हती एवढंच." ग्युरी थांबली. मग तिचा आवाज बदलला. "आई, पण त्यांचं अध्यक्षपद कसं गेलं? तू काही केलं नाहीस ना? काही बोलली नाहीस ना त्यांना?"

छेसुनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई?"

"बोलले," छेसुन म्हणाली. "सगळ्यांसमोर बोलले."