हाकांचं पुस्तक

मार्गशीर्षातलं उतरतं ऊन माझगावच्या छपरांवर पसरलं होतं. कृश, पीतवर्ण, थकलेलं ऊन. गोदीच्या क्रेनांवरून ते घसरलं, गंजलेल्या पत्र्यांवर क्षणभर रेंगाळलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीतून आत आलं. आत खाटेवर विश्राम तळवडेकर पडून होते. ऊन थेट डोळ्यांवर आलं तरी त्यांना ते कळलं नाही. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले त्याला आता सहा वर्षं झाली होती.

या माणसानं एके काळी एक वेडेपणा केला होता. वेडेपणाच, दुसरं काय म्हणायचं! गोदीतली कारकुनी सुटली की या सागरवलयांकित, कोटिकंठ नगरीच्या गल्लीबोळांतून फेरीवाल्यांच्या मागं वही घेऊन हिंडायचं. कल्हईवाल्याची लांबलचक हाक. बोहारणीची अनुनासिक हाक. वैशाखातल्या बर्फवाल्याची, श्रावणातल्या फुलवालीची. कोण कुठल्या गावाहून आला, कुठल्या दुष्काळानं त्याला इथं आणून टाकलं, हाक देताना त्याचा स्वर कुठं चढतो आणि कुठं दमतो, सगळं उतरून घ्यायचं. बावीस वर्षं हेच चाललं. लोक हसले. शेवंताबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, निवलेली आमटी रोज पुन्हा गरम केली.

त्या बावीस वर्षांचं एक पुस्तक झालं, ‘नगरीच्या हाका’. घरची प्रत देवांच्या फळीवर गेली. दर दसऱ्याला शेवंताबाई तिला हळदकुंकू वाहत, झेंडूचं फूल ठेवत, पदरानं धूळ पुसत.

दुसरी एक प्रत माझगावच्या टेकडीखालच्या वाचनालयात गेली, आणि तिच्यात या गृहस्थांची हौस बघा. छापलेला मोठा कागद घड्या घालून शिवला की पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच राहतात. मग यंत्रानं त्या कडा कापतात. या एका प्रतीच्या कडा कापू नका, असं त्यांनी बांधणीवाल्याला बजावलं. वाचकानं आपल्या हातानं एकेक घडी उघडावी, एकेक वेस ओलांडावी आणि शहरात शिरावं. शिवाय तो कुठवर आला तेही त्यावरून कळेल, असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते.

एकतीस वर्षं झाली. हाका एकेक करून विझल्या. ताम्रघोषी कल्हईवाला गेला, निद्राभंगी पिंजारी गेला, बोहारणी कुठं गेल्या कुणाला ठाऊक नाही. हाका नसल्या तरी त्यांचं पुस्तक आहे, एवढ्या एका भरवशावर विश्रामराव जगत आले होते. परवा डॉक्टरांनी आता घरीच असू द्या म्हणून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “वाचनालयातली ती प्रत आणतेस का? कडा कुठवर कापल्यात, तेवढं बोटांनी बघू दे मला.”

आज दुपारी शेवंताबाई गेल्या. सत्तरीच्या गुडघ्यांनी, जिना उतरून, रस्ता ओलांडून गेल्या.

वाचनालयातली ग्रंथपाल बाई चांगली होती बिचारी. तिनं स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवरून पुस्तक काढलं, फुंकर मारली आणि हातात दिलं. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. शेवंताबाईंनी पुस्तक उघडलं. एक पान दिसलं आणि पुढची दोन बंद. पुन्हा एक पान दिसलं, पुढची बंद. कल्हईवाला बंद होता. बर्फवाला बंद होता. दुष्काळ बंद, जहाजं बंद, बावीस वर्षांच्या सगळ्या संध्याकाळी आतल्या आत बंद होत्या.

“आणून नाही दिलंत तरी चालेल हो आजी,” ग्रंथपाल बाई म्हणाली. “या फळीवरची सगळी निकालातच काढायची आहेत.”

टेकडीवरच्या बागेत, एका बाकावर, समोर मलिन-नील समुद्र आणि मागं कलू लागलेला सूर्य असताना, शेवंताबाईंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि पानं कापायला घेतली. एक घडी, दुसरी घडी. कागद करकरत होता, कडांचा पांढरा भुसा मांडीवर पडत होता. अर्ध्यावर थांबल्या असत्या तर कदाचित खपूनही गेलं असतं. पण यांच्या पुस्तकात कुणी अर्ध्यावरून परत फिरलं, हेही त्यांना सोसवेना. शेवटच्या पानापर्यंत त्यांनी सगळं कापलं. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं, म्हणून हात भराभर चालला.

विश्रामरावांनी पुस्तक छातीवर घेतलं. अस्थिशेष, आतुर बोटं कडांवरून फिरू लागली. एक पान सुटं होतं. दुसरं सुटं. दहावं, चाळिसावं, शंभरावं. चेहरा उजळत गेला. गेल्या सहा वर्षांत शेवंताबाईंनी तो असा पाहिला नव्हता.

“शेवटपर्यंत?” त्यांनी विचारलं.

“शेवटपर्यंत,” त्या म्हणाल्या.

मग अंगठा थांबला. मागं गेला, पुन्हा पुढं आला. त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. जुनी कड बोटांनी, घामानं, वर्षांनी मऊ होते. तिचं काही बोटाला लागत नाही. इथं बारीक भुसा लागला होता. चेहरा हळूहळू विझला, आणि ते विझणं शेवंताबाईंना शेजारी बसून बघावं लागलं.

“कडा कोवळ्या आहेत गं,” ते म्हणाले. “आजच्या आहेत.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. खिडकीतलं ऊन उशीवरून उतरलं, भिंतीवर गेलं, देवांच्या फळीपाशी जरासं थांबलं. तिथं घरची प्रत होती, मुखपृष्ठावर एकतीस दसऱ्यांचं हळदकुंकू.

मग अगदी हलक्या आवाजात, मागणं मागावं तसं त्यांनी विचारलं, “कापताना एखादं पान वाचलंस का?”

शेवंताबाईंना वाचता येत होतं. सातवी पास होत्या त्या. पोथी वाचत, वाणसामानाच्या पुडीचा कागदसुद्धा वाचत. पण पूजेला वाचावं लागत नाही, पुसायलाही वाचावं लागत नाही, आणि आज कापायलाही वाचावं लागलं नव्हतं.

“शेवंता,” त्यांनी हाक मारली.

पन्नासाहून अधिक वर्षं त्या या हाकेला ओ देत आल्या होत्या. चुलीजवळून, नळाजवळून, गॅलरीतून, झोपेतूनसुद्धा. आता अवघ्या दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या त्या. ओठ हलले. पदरावर कागदाचा पांढरा भुसा तसाच होता. ऊन फळीवरून गेलं, भिंतीवरून गेलं, खोलीतून गेलं. विश्रामराव कान देऊन पडून राहिले, आणि ओ आली नाही.