गोदावरीचं राहिलेलं वाक्य

गोदावरी उमाळे लहानपणापासून बोलताना अडखळायची. ‘ब’ आणि ‘प’ तिच्या ओठांवर येऊन थबकायचे. ते सुटेपर्यंत समोरच्यानं तिचं वाक्य पुरं करून टाकलेलं असायचं. वडील नोकरीत असताना गेले, म्हणून त्यांच्या जागी तिला घेतलं होतं. समता कॉलोनीला वीज देणाऱ्या सबस्टेशनात ती ऑपरेटर होती. लाईन चालू करायची, बंद करायची, रजिस्टरमध्ये वेळ लिहायची. कामात चोख होती. वायरलेसवर बोलायची वेळ आली, की मात्र तिच्या तळहाताला घाम सुटायचा.

तिचा साहेब श्रीपाद दाणी, रायपूरच्या पुरानी बस्तीतला, एकोणतीस वर्षांचा. रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन सहा महिने झाले होते. रोज नवा बंगला, नवं ऑफिस, आणि मे महिन्यात सगळ्यांचे कूलर एकाच वेळी चालू. श्रीपादचा फोन थांबत नव्हता. माणूस अर्धं बोलला, की उरलेलं आपल्याला कळतं, याचा त्याला थोडा अभिमानच होता.

एका दुपारी समता कॉलोनीतल्या खांबावर तार जळाली. अर्ध्या कॉलोनीची वीज गेली, अर्धी चालू. श्रीपाद जीप घेऊन पोचला. सोबत लाईनमन बाबाराव, अमरावतीकडचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. वर चढायचं तर तिथली लाईन, ‘समता दोन’, पूर्ण बंद हवी होती. एरवी चढण्याआधी लाईन जमिनीला जोडून अर्थिंगही करत, म्हणजे चुकून वीज आली तरी ती जमिनीत जाई, पण ते सामान दुसऱ्या गाडीत सदर बाजारात गेलं होतं. तेवढं थांबायची श्रीपादची तयारी नव्हती. दवाखान्यांचे जनरेटर धडधडत होते, त्यामुळे कुठे वीज आहे नि कुठे नाही हेही कळत नव्हतं.

त्यानं वायरलेस उचलला. “मॅडम, समता दोन बंद करा.”

थोड्या वेळानं गोदावरीचा आवाज आला. “साहेब, समता दोन ब... ब... बंद...”

“बंद झाली. ठीक आहे,” म्हणत श्रीपादनं सेट सीटवर टाकला. “चला बाबाराव, चढा.”

बाबारावांनी शिडी खांबाला टेकवली होती. हातमोजे घातले होते. पण पहिल्या पायरीवर पाय ठेवून ते तसेच उभे राहिले.

“काय झालं?”

“साहेब, गोदूचं बोलणं अजून झालं नाही.”

“झालं की. बंद म्हणाली ती.”

“तिनं बंद म्हटलं, हव. पण त्याच्या पुढे काही होतं. तुम्ही काहून घाई करून राहिले?” बाबारावांनी पाय खाली घेतला. “तिचं पुरं ऐकल्याबिगर मी नाही चढत.”

श्रीपादच्या कपाळाची शीर ताठली. पण म्हाताऱ्याशी वाद घालण्यापेक्षा विचारणं सोपं होतं. त्यानं सेट उचलला. “मॅडम, परत सांगा.”

आणि बटण सोडलं. नुसती खरखर. मग श्वास. मग “समता दोन ब... ब...” त्याच्या ओठांवर शब्द तयार होता. बाबाराव त्याच्याकडे बघत होते. तो गप्प राहिला.

“...बंद होऊन नाही राहिली, साहेब. ब्रेकर अडकला. लाल दिवा तसाच आहे. लाईन चालू आहे. मी मघापासून बोलावून राहिले.”

श्रीपादनं वर पाहिलं. तार, निळं आभाळ. तारेत वीज आहे हे नुसतं बघून कळत नव्हतं. तो जीपच्या पायरीवर बसला.

“मेन पाडा, सगळ्याच लाईनी जाऊ द्या,” तो कसाबसा म्हणाला. मग स्वतःच पुढे जोडलं, “आणि काय केलं ते मला पूर्ण सांगा. मी थांबतो.”

मेन बंद झाली. पाच मिनिटांत तिनं सगळं सांगितलं, एकेक शब्द. हिरवा दिवा लागला होता. तोवर अर्थिंगचं सामानही आलं. बाबाराव चढले, तार जोडली, आणि उतरून घटाघटा पाणी प्याले.

तेवढ्या वेळात अर्धं शहर बंद राहिलं. वरच्या साहेबांचा फोन आला, “किसकी गलती है?” श्रीपाद म्हणाला, “मेरी, सर. ऑपरेटरने सही बताया था, मैंने पूरा सुना नहीं.” पलीकडून “आदमी ठीक है न?” एवढंच.

संध्याकाळी तो सबस्टेशनात गेला. मेकॅनिक ब्रेकरची अडकलेली स्प्रिंग काढत होता. गोदावरी रजिस्टर लिहीत होती.

“मॅडम, माझं चुकलं,” तो म्हणाला. “तुम्ही आधी कधी बोलला का नाहीत, की मी मधेच तोडतो?”

तिनं पेन खाली ठेवलं. उत्तराला वेळ लागला, आणि त्यानं तो लागू दिला.

“लोक माझं वाक्य पुरं करतात, साहेब. बहुतेक वेळा बरोबरच करतात. म्हणून चुकलं तर कोणाले समजतच नाही.”

दुसऱ्या दिवसापासून त्यानं नियम केला. वायरलेसवर जे ऐकलं, ते ऐकणाऱ्यानं परत म्हणून दाखवायचं, आणि बोलणाऱ्यानं ‘हव, बरोबर’ म्हटल्याशिवाय कोणी शिडीला हात लावायचा नाही. लाईनवरच्या तरण्या पोट्ट्यांनी सुरुवातीला चेष्टा केली, मग सवय झाली.

पण त्या संध्याकाळी तो लगेच निघाला नाही. त्यानं तिच्या वडिलांबद्दल विचारलं. गोदावरी सांगत बसली. लहानपणी त्यांनी लाईन कशी बंद करतात ते कसं दाखवलं, दोघं डबा कोणत्या झाडाखाली खायचे. गोष्ट लहानच होती. तिला पंचवीस मिनिटं लागली. मधे दोनदा श्रीपादचा फोन वाजला. त्यानं तो वाजू दिला. बोलून झाल्यावर गोदावरीनं खुर्चीला पाठ टेकली, आणि मोकळेपणानं हसली.