गुहेतल्या शेवाळासाठी ट्रायपॉड

या, असे पुढे सरका. लांबूनही ऐकू येईल, पण जवळ बसलं की गोष्ट अंगी लागते. आज सांगायची ती एका मावशीची, तिच्या भाचीची आणि तीन पायांच्या एका काटकुळ्या वस्तूची.

मावशी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तीस वर्षांपूर्वी ती इतर शिक्षकांबरोबर डोंगरावर गेली, आणि वरच्या गुहेत तिला चमकणारं शेवाळ दिसलं. हिरवंसोनेरी, आत कोणी दिवे मालवायला विसरल्यासारखं. बाकीचे आत येऊन बघतात तो नुसता अंधार. तेव्हापासून गणिताचे सर चहाचा कप पुढे करताना विचारायचे, "बाई, चमकतोय का बघा." मावशी हसण्यावारी न्यायची. पण त्यानंतर तीनदा ती एकटी वर जाऊन आली आणि तिन्ही वेळा काळोख बघून परतली. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता.

"लोकांनी खोटं म्हटलं त्याचं काही नाही गं," ती भाचीला म्हणाली. "पण आता माझंच मला खरं वाटेनासं झालंय. दिसलं होतं की भास झाला, एवढं देवाने कळू द्यावं."

"मी जाते. फोटोच आणते," भाची म्हणाली.

अंधारात फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढा वेळ कॅमेरा तसूभरही हलून चालत नाही. म्हणजे ट्रायपॉड हवा. चढण चार तासांची, तेव्हा हलका हवा, आणि खिशाला परवडणाराही हवा.

आता ही भाची वजनकाटे दुरुस्त करणारी. कुठलीही वस्तू आधी काट्याला लावल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. दुकानदाराने पहिला ट्रायपॉड समोर ठेवला.

"नऊशे ग्रॅम. खोक्यावरच छापलंय."

तिने पर्समधून स्प्रिंगचा काटा काढला आणि ट्रायपॉड आकड्याला लटकवला. "बाराशे चाळीस."

"असं कसं होईल?"

"नऊशे नुसत्या पायांचे. वर कॅमेरा बसवायचं डोकं आहे ना, ते यांनी धरलंच नाही."

"ताई, भाव करणारी गिऱ्हाइकं रोज येतात. झडती घेणारं आज पहिलंच."

दुसरा कार्बनचा होता, उचलला की पिसासारखा. त्याची किंमत ऐकून तिने तो दोन्ही हातांनी, तान्हं बाळ परत द्यावं तसा परत दिला. तिसरा ॲल्युमिनियमचा, स्वस्त. पाय चार टप्प्यांत मिटणारे, मिटल्यावर पाठपिशवीत सहज मावेल एवढा. काटा सातशे चाळीसवर थांबला, डोक्यासकट. तिचा चेहरा खुलला.

"जरा उभा करून, वरून दाबून बघा," दुकानदार म्हणाला. "हलका आहे, पण पूर्ण ताणला की थरथरतो."

"पाठीवर मला न्यायचाय. बांधून द्या."

"बरं बाई. काट्यापुढे आमचं काय चालणार?"

डोंगरावर त्याचं म्हणणं पटलं. गुहेच्या तोंडातून वारा आत घुसत होता. तिने ट्रायपॉड छातीइतका उंच केला, फोटो घेतला. काळ्यावर काळं, तेही पुसट. वजन म्हणून खाली पिशवी लटकवली, तर पिशवीच वाऱ्याने झुलायला लागली. मग वैतागून तिने पायांचे सगळे टप्पे मिटवले आणि तिन्ही पाय इतके फाकवले की ट्रायपॉड बेडकासारखा जमिनीला चिकटून बसला. वीतभर उंच. आता हलेना. पण कॅमेऱ्यातून बघायचं तर चिखलात पालथं पडणं आलं.

ती पडली. हनुवटी ओल्या मातीला टेकली, आणि समोरची कपार उजळली. हिरवीसोनेरी.

ती उठून बसली. अंधार. पुन्हा आडवी झाली, पुन्हा उजेड. हा काय प्रकार आहे म्हणून तिने बाहेरून येणाऱ्या उजेडाआड टोपी धरली, तर शेवाळही विझलं. टोपी काढली, पेटलं. म्हणजे त्याचा स्वतःचा उजेड नव्हताच. बाहेरून आलेला प्रकाश ते आल्या वाटेने परत पाठवत होतं, आणि ती वाट जमिनीलगत होती. लहान मुलासारखं तिने हे सात-आठ वेळा करून पाहिलं. मग श्वास रोखून फोटो घेतला. स्वच्छ आला.

घरी मावशीने फोटो डोळ्यांजवळ धरला.

"कुठून काढलास?"

"पालथी पडून. उभं राहिलं की दिसतच नाही."

मावशीच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उलगडत गेलं. "अगं, मी पडले होते."

"कधी?"

"त्याच दिवशी. आत शिरताना पाय घसरला, चारी हातपायांवर आले. मुख्याध्यापक मागून येत होते. झटकन उठले, कपडे झटकले. शेवाळाचं सगळ्यांना सांगितलं, पडल्याचं नाही सांगितलं."

"आणि नंतर तीनदा गेलीस ते?"

"ताठ उभी राहून बघितलं की. ठरवून कोण पडतं?"

दोघी पोट धरून हसल्या. मग डोळे पुसत मावशीने फोन मागून घेतला आणि गणिताच्या सरांना लावला. "सर, मी बोलतेय," ती म्हणाली. "त्या गुहेत मी सपशेल आपटले होते. आधी ते ऐका, मग शेवाळाचं सांगते."

एवढीच गोष्ट. डोंगरात कधी ओली, अंधारी कपार लागली, तर या मावशीची आठवण काढा, आणि मातीला हनुवटी टेकवून क्षणभर आत बघा.