आडवं बोट

मी लाँड्रीत इस्त्री करते. आधी कॉलर, मग खांदा, मग कफ, मग बाह्या, आणि अंग शेवटी. हा क्रम मोडला तर एक बाजू सरळ होईस्तोवर दुसरी चुरगळते. एवढी वर्षं तापलेलं कापड हाताळून माझ्या बोटांच्या टोकांना आता चटके कळेनासे झालेत. त्यामुळे गिटारच्या क्लासला नाव घातलं तेव्हा मला वाटलं, तारांनी बोटं सोलवटतात वगैरे ते मऊ हातांच्या लोकांचं. आपण तयारच आहोत.

टोकं तयार होती. आडवं बोट नव्हतं.

गिटारवर एफ नावाची एक कॉर्ड असते. तिच्यासाठी डाव्या हाताचं पहिलं बोट सगळ्या तारांवर पट्टीसारखं आडवं दाबून धरायचं आणि उरलेल्या बोटांनी पुढे आणखी कसरत करायची. माझं ते बोट मागे एकदा स्टीम प्रेसमध्ये सापडलं होतं. तेव्हापासून मधल्या पेरापाशी ते जरा वाकडंच आहे, लग्नात मान न मिळालेल्या आत्याबाईंसारखं. ते आधी टेकवायचं, मग किंचित कुशीवर वळवायचं, मग वरून भार द्यायचा, तेव्हा कुठे एफ वाजतो. वाजतो, पण बाकीचे पुढे निघून गेल्यावर.

"या वयात हे काय काढलंत वहिनी?" नणंदबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. त्या आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात, त्यामुळे त्यांना काही सांगावं लागत नाही. "गुडघ्यांकडे बघा जरा."

"गिटार गुडघ्यांनी नाही वाजवत, वन्सं."

"मांडीवर तर घेतात ना?"

का शिकतेस, असं जो तो विचारायचा. डॉक्टरांनी सांगितलंय का, मुलगी परगावी गेली म्हणून का, घरात काही बिनसलंय का. खरं कारण इतकं साधं होतं की सांगायची लाज वाटायची. मला वाजवायची होती.

सायकलच्या दुकानावरच्या खोलीत क्लास भरायचा. शाळेतली अकरा मुलं आणि मी. मास्तर तिशीतले, लोण्यासारखे. कुणाला तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. मुलं चुकली की "परत", मी चुकले की "छान, काकू". त्या 'छान'चा मला हळूहळू संशय यायला लागला होता, पण मी तो गिळला. रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी पलंगाच्या कडेला बसून वाजवायचे. त्याच वेळी नवरा न्हाणीघरात गायचा. नवरा लिफ्टा दुरुस्त करतो आणि गाणं त्या लिफ्टांसारखंच गातो, मध्येच कुठेतरी अडकून. आमची जुगलबंदी ऐकून नणंदबाई वर खिडकी लावून घ्यायच्या.

मग क्लासच्या कार्यक्रमाचं ठरलं. शाळेचं सभागृह, पालक, पाहुणे, आणि मास्तरांनी स्वतः बांधलेलं एक गाणं. त्या गाण्यात त्यांचा जीव होता एका जागी. प्रत्येक कडव्याच्या शेवटी सगळ्यांनी मिळून एफचा एकच जोरदार फटका मारायचा, लगेच तळहाताने तारा दाबायच्या आणि क्षणभर पूर्ण शांतता. मग पुढचं. "त्या थांब्यातच खरं गाणं आहे," मास्तर डोळे मिटून म्हणायचे.

आणि त्या थांब्यात, प्रत्येक तालमीला, न चुकता, माझा एफ येऊन पडायचा. सगळे गप्प झालेत आणि मागून एकटीच मी. थप्प.

मुलं खुसखुसायची. मास्तर म्हणायचे, "छान, काकू. होईल सवय."

एका तालमीच्या आधी त्यांनी माझी गिटार मागून घेतली. "तारा जरा खाली घेऊन देतो, बोटांना त्रास होणार नाही. आवाज थोडा बारीक येईल, मनावर घेऊ नका." त्या दिवशी मी वाजवलं आणि कमालच झाली. थांबा आला, सगळे थांबले, आणि काहीही ऐकू आलं नाही. नुसती शांतता. मास्तरांच्या चेहऱ्यावर असं सुख की मला भरून आलं. जमलं गं बाई, मी मनाशी म्हटलं. माझी नजर डाव्या हातावरून हलतच नसे, नाहीतर तेव्हाच दिसलं असतं.

दिसलं दुसऱ्या दिवशी सकाळी. घरातल्या शांततेत मी पहिला फटका मारला आणि लांबून कुणी दार ठोठावल्यासारखा बारीक आवाज आला. पुन्हा मारला. पुन्हा ठक. चष्मा लावून पाहिलं. तारा खाली जिथे बांधलेल्या असतात तिथे, त्यांच्या पोटाखाली, काळ्या स्पंजाची एक पट्टी नीट कापून कोंबलेली होती. बाहेरून सहज दिसू नये अशी, मोठ्या निगुतीने.

माझ्या इस्त्रीच्या टेबलावर चादरीखाली असाच स्पंज असतो. मला तो डोळे मिटूनही ओळखू येईल.

नवरा डोकं पुसत बाहेर आला. मी पट्टी त्याच्यापुढे धरली.

"कुठे सापडली?" तो म्हणाला.

काय आहे, असं विचारलं नाही. कुठे सापडली, असं विचारलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

तो पलंगावर बसला. टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. "मास्तरांचा फोन आला होता. ते फार अडचणीत होते गं. तुला काढवतही नव्हतं आणि ठेववतही नव्हतं. मीच म्हटलं, काहीतरी करा, पण तिचं चारचौघांत हसं होऊ देऊ नका."

"म्हणजे मी स्टेजवर बसायचं आणि नुसते हात हलवायचे."

"कुणाला कळलं असतं?"

"मला."

"तुलाही कळलं नव्हतंच की," तो म्हणाला, आणि म्हटल्या म्हटल्या त्याला पश्चात्ताप झालेला मला दिसला. वाईट याचंच वाटलं की ते खरं होतं. आदल्या रात्री मी त्याला सांगितलं होतं, आज एकदाही चुकले नाही. आणि त्याने माझी पाठ थोपटली होती.

"तुम्ही रोज न्हाणीघरात गाता," मी म्हटलं. "मी कधी तुमच्या तोंडात स्पंज कोंबला?"

"ते वेगळं. तिथे कोण ऐकतंय?"

"मी ऐकते. वरच्या वन्सं ऐकतात. तुमचं गाणं खुशाल सुरू आणि माझ्याच तोंडाला कुलूप?"

त्याने टॉवेल परत उलगडला. भला माणूस आहे. भल्या माणसांवर नीट रागावताही येत नाही. दुष्टावा असता तर भांडता तरी आलं असतं.

लाँड्रीत मी ती पट्टी डागवालीपुढे टाकली. ती डाग काढायच्या काउंटरवर असते आणि कपडा असो की माणूस, उजेडात धरून बघते. तिने मला एकदा माझं वाजवणं मोबाईलवर ऐकवायला लावलं होतं आणि म्हणाली होती, "वाईट वाजवतेस." तिच्याइतकं मनापासून माझं तोवर कुणी ऐकलंच नव्हतं.

"आता काय करणार?" तिने विचारलं. "सोडणार?"

"सोडलं तर सगळे सुटकेचा श्वास टाकतील."

"मग नको सोडू." तिने कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावरचा शाईचा डाग बोटाने चाचपला. "पण तू पोचायला उशीर करतेस ना? मग आधी निघत जा. शेवटची बस चुकेल असं वाटलं तर आपण काय करतो? अर्धा चहा टाकून उठतो."

हे मला इतक्या दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं. सगळे आपले 'छान' म्हणण्यात गुंतलेले. एफच्या आधीची कॉर्ड शेवटपर्यंत वाजवायची गरजच नव्हती. तिचा शेवटचा फटका सोडून द्यायचा आणि आडवं बोट पुढे पाठवायचं. मी त्या दिवशी इस्त्रीच्या टेबलाच्या कडेवर, दोन शर्टांच्या मध्ये, तेच घोकत राहिले. निघ, टेकव, वळव, दाब.

संध्याकाळी क्लासच्या आधी मी मास्तरांच्या हातात पट्टी ठेवली. ते कानापर्यंत लाल झाले.

"काकू, तसं नव्हतं मनात."

"कसं होतं ते मला माहितीये. चांगलंच होतं."

"मुलांचे पालक येतात हो. मुलांनी किती मेहनत केलीय. एका थांब्यासाठी सगळं..."

यात खोटं काही नव्हतं. मीही मेहनत केली होती, एवढंच त्यात राहून गेलं होतं.

"मग मला काढा," मी म्हटलं. "पण तोंडावर सांगा, काकू तुम्ही येऊ नका. मी जाईन, भांडणार नाही. आणि सांगवत नसेल तर मला आवाजासकट घ्या. हे मधलं मला नको."

खाली दुकानात कुणीतरी सायकलचं चाक फिरवून बघत होतं, त्याचा किरकिर आवाज वर येत होता.

"शेवटच्या रांगेत बसाल?" अखेर ते म्हणाले.

"बसेन. रांग तुमची, आवाज माझा."

हे नणंदबाईंना कळलंच. "अहो, स्टेजवर बसायला मिळतंय, फुलं मिळतील, फोटो निघेल. वाजलंच पाहिजे असं कुठे आहे?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "वन्सं, फोटो काढायचा असता तर मी साडी घेतली असती, गिटार नसती घेतली."

कार्यक्रमाच्या दिवशी मी पडद्याला जवळजवळ चिकटून बसले होते. खाली अंधारात माणसं असल्याचं फक्त खोकल्यांवरून कळत होतं. मास्तरांनी हात उचलला.

पहिल्या कडव्याच्या शेवटी मी आधी निघाले, पण घाईत बोट वळवायलाच विसरले आणि ते सावरण्यात उशीर झाला. अकराजणांचा एफ दणक्यात आला आणि थांबला. सभागृह शांत झालं. त्या शांततेत माझा आला. खालची एक तार मेलेली, बाकीच्या जिवंत. शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला असणार. कुणीतरी हसलं. माझ्या पुढचं पोरगं मान वळवून बघायला लागलं. माझी मानगूट तापली, पण हात थांबला नाही. आमच्याकडे एक शर्ट बिघडला म्हणून पुढचे थांबत नाहीत.

दुसऱ्या कडव्याला मी बोट वळवलं, भार दिला, सगळ्या तारा वाजल्या. फक्त उशिरा. यावेळी हसणारे जास्त होते. मास्तरांची पाठ माझ्याकडे होती, तरी त्यांचे आक्रसलेले खांदे मला दिसले. हसा, मी मनात म्हटलं. हसायला तरी काहीतरी ऐकू यावं लागतं.

तिसऱ्या कडव्याला मी अर्धा चहा टाकून उठले. निघ, टेकव, वळव, दाब. मास्तरांचा हात खाली आला आणि माझाही. फटका बसला, तारा दाबल्या, आणि शांतता. पूर्ण शांतता. माझा एफ त्या अकरांमध्ये असा मिसळून गेला की मलासुद्धा तो ऐकू आला नाही. फक्त हाताला कळलं, बोटाखाली तारा थरथरून गप्प झाल्या. वेळेवर आला, आणि एकदम दिसेनासाच झाला. मला आनंद झाला आणि थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

बाहेर पायऱ्यांवर नणंदबाई भेटल्या. "मागून कुणीतरी सारखं चुकत होतं."

"मी होते."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या, आणि माझी पिशवी स्वतःकडे घेतली, कारण माझ्या खांद्यावर गिटार होती.

नवरा जरा मागे रेंगाळत होता. फाटकापाशी त्याने मला गाठलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "दोनदा ऐकू आलीस तू. तिसऱ्यांदा का नाही आलीस? त्यांनी परत काही कोंबलं की काय? सांग, मी बोलतो मास्तरांशी. असं कसं करतात?"

तो खरंच चिडला होता. त्याच्या कपाळावर शीर उठली होती.

"काही कोंबलं नाही," मी म्हटलं. "तिसऱ्यांदा एफ वेळेवर आला."

"मग मला कळायचं कसं?"

"सकाळी वाजवून दाखवते. तुम्ही तेवढं हळू गा."

"हळू नाही जमत मला," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मास्तर बी मायनर शिकवणार आहेत. त्यालाही पहिलं बोट आडवंच लागतं.