चार संध्याकाळी एकच प्रकरण

पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं, आणि भुसावळजवळच्या त्या वस्तीत ते बन्सीलाल गुरुजींनीच करायचं, हा बावीस वर्षांचा शिरस्ता. निवृत्त शिक्षक, आवाज खणखणीत, आणि स्वभाव असा की वाचताना दुसरा कुणी अडखळला की यांच्या कपाळाला आठी.

यंदा मात्र गुरुजींनाच अक्षरं दिसत नव्हती. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले होते, "एक नाही, दोन दुखणी आहेत, आणि दोन्ही डोळ्यांत. बुबुळावरची काच पातळ होऊन शंकूसारखी पुढे आलीय, आणि तिच्यातच पाणी साठून ती धुरकट होतेय. हे वाढत जाणार. चष्म्यानं भागायचं नाही, पुढे बुबुळच बदलावं लागेल." गुरुजींनी तो कागद कपाटात कपड्यांखाली सरकवला आणि बायकोला, द्रौपदाबाईला, सांगितलं, "थोडा नंबर वाढलाय."

अर्ध्या वस्तीला अक्षरओळख करून दिलेल्या माणसानं आता वाचता येत नाही म्हणायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. ते अंदाजानं पान उलटायचे आणि पाठ असेल ते ठणकावून म्हणायचे. काल कुठवर आलो होतो, हेच मुळी कळेना.

एका संध्याकाळी घरी आल्यावर द्रौपदाबाईनं चहाचा कप त्यांच्या हातात नीट धरवून दिला.

"एक सांगू? चार दिस झाले, तुमी तेच प्रकरण वाचू राह्यले."

"कोण म्हणतं?"

"कोनी नाही म्हनत. शेजारच्या पितांबरभाऊनं समद्यायले सांगून ठेवलं, गुरुजीले टोकू नका, त्यायले दिसत नाही."

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीसेक माणसं चार दिवस मुकाट तेच ऐकत बसली होती, आणि हे आपले आवाज चढवत होते. चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी विहारात ते उभे राहिले. "मला दिसत नाही. तुम्हाला ते ठाऊक होतं, तरी मी फसवत राहिलो. आता दुसऱ्या कुणी वाचावं."

"द्रौपदामाय वाचतीन," पितांबर म्हणाला. "रोज दुपारी आमच्या घरी येऊन वाचता त्या. आता चांगलं जमते त्यायले."

आपल्या घरी का नाही, हे गुरुजींनी विचारलं नाही. साक्षरता वर्गातून अक्षरं शिकून आलेली द्रौपदाबाई दोन वर्षांपूर्वी इथंच एक पान वाचायला बसली होती. तिसऱ्या ओळीला अडली, तेव्हा गुरुजी सगळ्यांसमोर मोठ्यानं हसले होते. त्यानंतर तिनं त्यांच्यासमोर पुस्तक हातात धरलं नव्हतं.

द्रौपदाबाई वाचू लागली. सावकाश, पण स्वच्छ. गुरुजींना तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता पांढऱ्या लुगड्याचा धुरकट आकार. मग एका जोडाक्षरापाशी ती अडली आणि गप्प झाली. शब्द गुरुजींना पाठ होता. ते सांगणार, एवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं, ती शब्दासाठी थांबलेली नाही. ते हसतात का, याची ती वाट पाहतेय.