वीस सेकंदांचा फरक

कुपीच्या तळाशी पोलिसांनी तपासायला पाठवलेला नखाएवढा कागद, मेथनॉलमध्ये भिजून भिजून पांढराफटक पडलेला... आणि समोर पडद्यावरच्या आलेखात दोन सुळके. एक या कागदातल्या द्रव्याचा, दुसरा बंदी असलेल्या नशेच्या द्रव्याच्या, आज सकाळी कुरिअरनं आलेल्या शुद्ध नमुन्याचा. सहज, फाइल पुरी असावी म्हणून तिनं तो यंत्रातून चालवला होता. दोन्ही सुळके एकाच वेळेला, एकाच जागी यायला हवे होते. मध्ये वीस सेकंदांचं अंतर होतं. तिनं पुन्हा चालवून पाहिलं, पुन्हा वीस सेकंद.

म्हणजे हे ते नव्हेच. त्याचं भावंड—तेच अणू, तेवढंच वजन, फक्त मेथॉक्सी नावाचा अणूंचा एक झुपका रेणूच्या कड्यावर एक घर सरकलेला. भास दोन्ही घडवत असतील, या दुसऱ्यावर तर धड चार माणसांनी लिहिलेलंही नाही. पण बंदीच्या यादीत नाव आहे ते पहिल्याचं. आणि गेल्या महिन्यात आपण सहीनिशी लिहून दिलं, पहिलंच! यंत्र म्हणालं चौऱ्याण्णव टक्के जुळतं, शुद्ध नमुना संपलेला, वरून तगाद्यावर तगादे... दिलं लिहून. अगं बाई, भावंडांचे आलेख जवळजवळ सारखेच येतात, शुद्ध नमुना शेजारी चालवल्याशिवाय यंत्रावर विसंबू नका, हे नव्या मुलींना कोण शिकवतं? तूच ना?

सासूबाई म्हणतात, गॅसवर दूध ठेवून विसरायचं हे हिचं नेहमीचंच. पण उतू गेलं तर ओटा पुसता येतो. हा कागद ज्यांच्याकडे सापडला त्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई महिनाभर कोठडीत आहेत—माझ्या सहीवर. फाइलीत त्यांचा फोटो होता, चष्म्याची काडी चिकटपट्टीनं जोडलेली. नमुना तपासायचा, माणूस बघायचा नाही, हा इथला नियम. तिनं बघितला होता.

"साहेब, तो रिपोर्ट मागे घ्यावा लागेल."

साहेबांनी आलेख हातात घेतला, ठेवला. "कागद त्यांच्याच टेबलात सापडला ना? मग झालं तर. साखर नव्हती ती."

"पण यादीत याचं नावच—"

"आज नाही, उद्या येईल. बाई, हे मागे घेतलंत की वकील तुमचे जुने सगळे रिपोर्ट उकरून काढतील. नसती बिलामत! कोण विचारतंय तुम्हाला?"

कोणीच नाही. ती जागेवर येऊन बसली. सकाळपासून धास्ती होती ती पकडलं जाण्याची, नोकरीची, चारचौघांत नाचक्की होण्याची... आणि साहेबांनी किती सहज सोडवलं सगळं. आजचे आलेख पुसले की संपलं. मी बोलले नाही तर जन्मात कोणाला कळायचं नाही, मला कोणी म्हणजे कोणी पकडणार नाही—आणि हे लक्षात आलं तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं, अगदी क्षणभर, पण वाटलं. आणि त्या वाटण्याचीच तिला इतकी भीती वाटली की तिनं खुर्ची यंत्रापासून मागे ओढली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.