एकशे एक्क्याण्णव सदरे

नेपोलियनचे शिपाई आमच्या गावच्या मठात ठाण मांडून बसले होते. ते नेमके किती, यावरून पाववाला सातुर्निनो आणि मी, ब्लासा धोबीण, एकमेकांच्या झिंज्या धरायच्या बेतात आलो होतो.

समोर पिठाच्या पोत्यावर उबाल्दोमास्तर पाव खात बसले होते. पूर्वी शाळा चालवायचे, आता तीनशे बंडखोरांची टोळी चालवतात, आवाज तोच. शिपाई कमी असले तर मठावर चालून जायचं, जास्त असले तर डोंगरात पसार व्हायचं. माझा नवरा मेलितोन पाच आठवडे त्याच मठात कैदेत होता. गुरुवारी त्याला फ्रान्सला नेणार होते. तिकडे नेलेला आमचा एकही माणूस परत आलेला नाही.

"माझ्या भट्टीतून रोज सहाशे पाव उचलून नेतात," सातुर्निनो म्हणाला. "माणशी एक. म्हणजे सहाशे. शेंबडं पोरही सांगेल."

"सदरे येतात एकशे एक्क्याण्णव," मी म्हटलं. "दर सोमवारी, माणशी एक. रविवारी त्यांचा कप्तान प्रत्येकाची कॉलर बघतो. मळकी दिसली की फटके."

"अगं, अर्धे पारोसेच असतील!"

"तुझ्यासारखे?"

"गप्प बसा!" मास्तर ओरडले. "दोन्हींची बेरीज करून निम्मे करू. तीनशे साडेपंच्याण्णव."

"हा अर्धा शिपाई कुठला, मास्तर?" मी विचारलं.

"ते सोड. आपण तीनशेच आहोत. डोंगरात निघायचं."

खरं काय ते मला ठाऊक होतं. पण फ्रेंचांकडून काहीही विकत घेणाऱ्या बाईचं डोकं भादरून गाढवावरून धिंड काढायची, असा हुकूम मास्तरांनीच काढला होता. माझे केस कमरेपर्यंत आहेत, दुसरं मिरवण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. मेलितोन घोरतो, कटकट करतो, पण तो नसला की घर खायला उठतं.

"मास्तर, त्यांचा कप्तान माणसं जास्त सांगून पाव मागवतो आणि उरलेले मागच्या दाराने स्वस्तात विकतो. मी घेते. रोज दोन."

"तरीच!" सातुर्निनो किंचाळला. "तरीच तीन महिने दुकानाकडे फिरकली नाहीस! माझा फुकट नेलेला पाव!"

"मी एकटीच नाही." मी दार उघडून बाहेर कारंज्यावर पाणी भरणाऱ्या बायकांना आत बोलावलं. "बोला गं, कोण किती घेतं? माझा मेलितोन अडकलाय तिथे."

आधी पाद्रीबाबांची स्वयंपाकीण म्हणाली, "चार." त्यानंतर आवरता आवरेनात. ज्या आल्या नव्हत्या त्यांचेही आकडे शेजारणींनी आनंदाने सांगितले. शेवटी मास्तरांची आई काठी टेकत पुढे आली.

"मी तीन घेते, उबाल्दो. एक तुझ्या शिदोरीत असतो."

मास्तरांनी हातातल्या अर्ध्या पावाकडे बघितलं. त्यावर सातुर्निनोच्या भट्टीचा शिक्का होता. त्यांनी बेरीज केली, चारशे नऊ. सहाशेतून वजा केले. उरले एकशे एक्क्याण्णव. गाढवाचा विषय पुन्हा निघाला नाही.

बुधवारी सकाळी तीनशे बंदुका मठाच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. कप्तानाने लगेच पांढरा रुमाल दाखवला. तोही मीच धुतलेला. शिपाई हात वर करून बाहेर येऊ लागले, मी मोजू लागले. एकशे नव्वद. मागे कोणीच नाही.

"चुकलीस!" सातुर्निनो खूश झाला.

मग मेलितोन बाहेर आला. वाळून काटकी झालेला, अंगात फ्रेंच सदरा.

"माझा फाटला, म्हणून यांनी हा दिला," तो म्हणाला.

"म्हणजे पाच सोमवार मी तुझाच सदरा धुतला? आणि मला कळलंसुद्धा नाही?" मला रडू फुटलं.

"मला कळलं." त्याने कॉलरचं बटण दाखवलं. "पहिल्याच आठवड्यात तुटलं होतं. काळ्या दोऱ्याने लावून परत आलं. रोज चाचपून बघायचो." मग तो नाक ओढत म्हणाला, "पण ब्लासा, वीस वर्षं सांगतोय, घरात पांढरा दोरा आणून ठेव."